बाबाजानची तीन नंबरची टाकी

पहाटे चार वाजता बाबाजान सय्यदचा दिवस सुरू व्हायचा. गजराची गरज नव्हती. शमशाद त्याच्या आधी उठून गॅसवर चहा ठेवायची आणि खलबत्त्यात आलं ठेचल्याचा आवाज आला की तो उठायचा. चहा बशीत ओतायचा, उभ्यानंच संपवायचा आणि सायकलवर टांग मारायची. तिसगावातून फाट्यावरच्या डेअरीपर्यंत सगळा उतार. येताना चढ. बाबाजानला ही सोय पसंत होती. कामावर माणसानं ताजं पोचावं, दमायला पुढं अख्खा दिवस पडलेला असतो.

डेअरीच्या दारात पहिली झटापट अंगठ्याच्या मशीनशी. हजेरी अंगठ्यावर होती आणि बाबाजानचा अंगठा मशीनला पटत नव्हता. उजवा ठेव, डावा ठेव, शर्टाला पुसून ठेव, फुंकर मारून ठेव. मशीन लाल दिवा लावायचं. वर्षानुवर्षं कॉस्टिकच्या पाण्यात हात घालून त्याच्या बोटांवरच्या रेषाच धुऊन गेल्या होत्या. कॉस्टिक म्हणजे डेअरीतला जहाल साबण. चरबी विरघळवतो आणि सापडली तर कातडीही.

मागं रांगेत बॉयलरवाला भिमाजी उभा असायचा. तो रोज काहीतरी बोलायचाच.

"भाई, तुमी चोरी केली तर पोलिसाला बी सापडायचे न्हाई."

"त्यासाठीच ठिवलेत असे हात," बाबाजान म्हणायचा. "पयल्यांदा तुझ्याच घरी येतो."

"या की. बायकोला सांगून ठिवतो, भांडी घासायची ठिव म्हणून."

शेवटी वॉचमन वहीत नाव लिहायचा आणि दोघं आत जायचे.

हातमोजे कंपनी देत होती. बाबाजान ते खुंटीला अडकवून ठेवायचा. त्याचं म्हणणं, हातमोज्यातून घाण कळत नाही. टाकी धुऊन झाली की आतल्या पत्र्यावरून बोटं फिरवायची आणि गुळगुळीत लागलं तरच बाहेर यायचं, असा त्याचा नियम. कोणी बघत नसतानाही तो पाळायचा.

गावोगावचं दूध डेअरीत यायचं, मशीनमध्ये तापायचं, लगेच थंड व्हायचं आणि पिशवीत भरेपर्यंत स्टीलच्या टाक्यांत थांबायचं. नव्या टाक्या आपल्या आपण धुतल्या जायच्या. त्यांच्या छताला आतून भोकांचा गोळा असतो. पंप चालू केला की त्यातून साबणाचं पाणी चहूकडं उडतं. तीन नंबरची टाकी जुनी. तिचा गोळा कधीचाच बंद पडला होता, म्हणून तिच्यात माणूस उतरायचा. तो माणूस बाबाजान. गोळा दुरुस्त करायचं दोनदा निघालं होतं. दोन्ही वेळा बाबाजाननंच मोडता घातला. "माझे हात हायत की," तो म्हणाला. "गोळ्याला डोळे न्हाईत."

त्याची पद्धत ठरलेली. आधी भिमाजीकडून कढत पाण्याचा पाइप घ्यायचा आणि सगळी टाकी भिजवून काढायची. मग तोंडातून आत सरकायचं, बादलीत कॉस्टिक, हातात तारेची घासणी. ही घासणी तो आठवडे बाजारातून स्वतःच्या पैशानं आणायचा. कंपनीचा नायलॉनचा ब्रश त्याला ब्रशच वाटत नव्हता. त्याची आई दुधाचं भांडं राखेनं आणि काथ्यानं घासायची आणि म्हणायची, मनगट दुखलं नाही तर भांडं निघालं नाही. तेच त्यानं टाकीला लावलं होतं. गुडघ्यावर बसून, पाठीवर पडून, छताला हात पोचवून तो घासायचा. बाहेर यायचा तेव्हा बनियन पिळून पाणी निघायचं. मग जंतू मारायच्या औषधाचं पाणी, क्लोरीनचा वास, आणि टाकी तयार. आतल्या पत्र्यात त्याला स्वतःचं तोंड दिसायचं. नवीन लागलेल्या माणसांना मॅनेजर ती टाकी दाखवायला आणायचे.

मॅनेजर म्हणजे काकासाहेब लवांडे. डेअरीत कॅन उचलण्यापासून वर आलेला माणूस, त्यामुळे कष्ट कशाला म्हणतात ते त्यांना सांगावं लागत नव्हतं. म्हणूनच उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांनी बाबाजानला ऑफिसात बोलावलं तेव्हा त्यांना नीट बोलता येईना.

"भाई, शिर्डीच्या हॉटेलवाल्यांची तक्रार हाय. सकाळची पिशवी दुपारी चहात नासतीय. भक्तांच्या पुढ्यात कप ठिवायचा आन् वर चोथा."

"उन्हाळा हाय, साहेब. टेम्पोत बरफ कमी टाकत असतील."

"बरफ बघितला. एक-दोन नंबरच्या टाकीचं दूध टिकतंय. तीनचं टिकंना."

बाबाजाननं स्वतःच्या हातांकडं बघितलं. तीन म्हणजे तो.

काकासाहेबांच्या शेजारी प्रयोगशाळेतल्या संस्कृती मॅडम बसल्या होत्या. सावेडीहून रोज कंपनीच्या गाडीनं येणारी, वयानं बाबाजानच्या पोरीएवढी. तिनं एक काचेची ताटली पुढं सरकवली. टाकी धुऊन झाल्यावर कापसाच्या काडीनं पत्रा पुसायचा, ती काडी या ताटलीतल्या खळीवर, म्हणजे जंतूंच्या खाद्यावर, फिरवायची आणि ताटली उबेला ठेवायची. दोन दिवसांत जिथं जंतू असेल तिथं ठिपका उगवतो. तीन नंबरची ताटली खसखस सांडल्यासारखी दिसत होती.

"काका, आतल्या पत्र्यावर पातळ चिकट थर धरलाय," ती बाबाजानला म्हणाली. "बोटाला बुळबुळ लागते."

"मॅडम, माझ्या टाकीला? मी सोता हात फिरवतो."

"मीही फिरवला."

हे त्याला लागलं. काकासाहेबांनी पुढचं पटकन सांगून टाकलं. मालकांनी पुण्याच्या सफाईच्या ठेकेदाराला बोलावून घेतलं होतं. महिनाअखेरीला तीन नंबरची ताटली स्वच्छ आली तर टाकी बाबाजानकडं राहील. नाही आली तर सगळी सफाई ठेक्यावर जाईल आणि बाबाजान क्रेट उचलायला.

क्रेट उचलायला त्याची ना नव्हती. काम ते काम. पण निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली असताना टाकीवरून काढलेला माणूस म्हणून गावात चढ चढायचा, हे त्याच्या घशाखाली उतरेना.

त्यानं जे त्याला येत होतं तेच केलं. नवी घासणी आणली आणि दुप्पट घासलं. औषधही दुप्पट ओतलं, इतकं की भिमाजी बॉयलरपाशी नाकाला रुमाल लावून बसला.

"भाई, जंतू मरूद्या, पर मला जगू द्या की."

पुढची ताटली पहिल्यापेक्षा दाट आली.

संस्कृती मॅडमनं त्याला बाकावर बसवून समजावलं. "काका, जंतू एकेकटे बसत नाहीत. पत्र्याला चिकटतात आणि स्वतःवर एक चिकट गोधडी ओढून घेतात. तुमचं औषध गोधडी भिजवतं, आतल्याला काही होत नाही. आधी गोधडी सोडवायला हवी, आणि ते काम साबणाचं. कॉस्टिक योग्य तेवढं, योग्य तेवढं गरम, आणि त्याला वेळ द्यायचा. तुम्ही वेळ देत नाही, तुम्ही घासता. तारेनं चरे पडतात आणि त्यांना बसायला आयती जागा होते."

बाबाजाननं सगळं ऐकून घेतलं आणि एकच उत्तर दिलं. "म्हंजी मी घासलं म्हणून घाण झाली."

"तसं नाही म्हणत."

"तसंच म्हणताय."

तो उठून गेला. त्या दिवशी चढावर त्यानं सायकल हातात धरून आणली.

घरात त्यांची बोली दखनी. मात्र भांडण दोघंही मराठीत करायचे, शेजारच्यांना बाजू घेता यावी म्हणून. त्या संध्याकाळी बाबाजान मोरीवर बसला होता आणि दुधाचं पातेलं घासत होता. हा त्याचा जुना नेम. घरातलं दुधाचं भांडं तोच घासायचा आणि तीच तारेची घासणी वापरायचा. शमशाद उंबऱ्यावर बसून त्याचा कामावरचा शर्ट बादलीत चुबकत होती. कॉस्टिकचे शिंतोडे उडून शर्टाची चाळणी झालेली. आपटला तर फाटायचा, म्हणून तिला तो हातानंच चोळावा लागायचा आणि हल्ली तिचा उजवा खांदा वर जात नव्हता.

"ती कालची पोरगी म्हणती टाकी बुळबुळीत हाय," बाबाजान म्हणाला. "माझी टाकी. बोट लावून सांगती."

शमशाद शर्ट चोळत राहिली.

"आगं बोल की काहीतरी."

"काय बोलू?"

"म्हण की, तिला काय कळतंय."

शमशादनं हात झटकले, उठून आली आणि त्याच्या हातातलं पातेलं घेतलं. आतून बोट फिरवलं. "ह्ये बी हाय," ती म्हणाली.

"काय हाय?"

"बुळबुळीत. रोज असतंय. तुमी नमाजला गेला की मी परत धुते."

बाबाजाननं पातेलं घेऊन स्वतः बोट फिरवलं. त्याला गुळगुळीत लागलं. टाकी लागायची तसंच.

"कधीपासून धुतीस?"

"तुमच्या बोटांचं कळणं गेल्यापासून. कढत कप धरता आन् कळत न्हाई तुमाला, तवापासून."

"मंग सांगितलं का न्हाईस?"

"माणूस एवढं जीव तोडून घासतोय, त्याला काय सांगायचं," शमशाद म्हणाली. "पयलं ह्ये पातेलं नवं हुतं तवा नुसत्या पाण्यानं निघायचं. तुमच्या घासणीनं चरं पडली, आता त्यात दूध बसतंय. मी काय करते? गरम पान्यात पावडर टाकते आन् झाकून ठिवते. भाकरी हुईस्तवर सुटून येतंय. फडकं फिरवलं की झालं. घासत न्हाई मी."

पलीकडच्या भिंतीवरून शेजारीण डोकावली. आज बाजू कोणाची घ्यायची ते तिला कळेना. ती परत गेली.

बाबाजान बराच वेळ पातेलं उजेडाला धरून बसला. आत बारीक चरे होते, एकावर एक, शेतात कुळवाची उभी-आडवी पाळी घालावी तसे. सगळे त्याच्या हातचे. कष्टानं काढलेले.

दुसऱ्या दिवशी अंगठ्याचं मशीन करून झाल्यावर तो सरळ प्रयोगशाळेच्या दाराशी गेला.

"मॅडम, काय करायचं ते सांगा. फकस्त घासू नका एवढं म्हणू नका."

"तेच म्हणणार आहे, काका."

"म्हणा मंग."

पहिल्यांदा गोळा उघडला. त्याची भोकं दुधाच्या पांढऱ्या खड्यांनी बुजली होती. बाबाजान आणि भिमाजीनं तो सोडवून आम्लाच्या पाण्यात टाकला. एका दिवसात भोकं मोकळी झाली. ज्या गोळ्याला बाबाजान इतकी वर्षं आंधळा म्हणत होता, तो सगळीकडून बघायला लागला.

मग धुण्याची रीत बदलली. आधी कोमट पाणी. कढत नाही, कारण कढत पाण्यानं उरलेलं दूध पत्र्यावरच शिजतं. हे ऐकल्यावर बाबाजाननं भिमाजीकडं बघितलं.

"तुझ्या पान्यानं दूध शिजवलं व्हय रं?"

"तुमी मागितलं तसं दिलं. मी आचारी, तुमी गिऱ्हाईक."

कोमट पाण्यानंतर गरम कॉस्टिक, पंपानं फिरतं. मग पाणी. मग आम्ल, मग पुन्हा पाणी. आणि सगळ्यात शेवटी, गोधडी निघाल्यावर, औषध. तेही मापाचं.

या सगळ्यात अवघड होतं ते कॉस्टिक फिरत असताना बाहेर उभं राहणं. ज्यानं आयुष्यभर मनगट दुखवून पगार घेतला त्याला हात रिकामे ठेवून घड्याळाकडं बघायला सांगणं, ही शिक्षाच. बाबाजान टाकीभोवती फेऱ्या घालायचा. पंपावर हात ठेवायचा. पाइपचे सांधे बघायचा. सांधा गळत नसला तरी पुसायचा. आत काय चाललंय ते कानानं ओळखता येतं का ते बघायचा. पाच मिनिटं आधी पंप बंद करावा असं रोज वाटायचं आणि रोज तो हात मागं घ्यायचा. संध्याकाळी घरी जाताना तो घासायचा तेव्हापेक्षा जास्त दमलेला असायचा. उभं राहण्यातही कष्ट असतात हे त्याला त्या वयात कळलं. ते कोणाला दिसत नाहीत एवढाच फरक.

"भाई, आता पगार कशाचा घेता?" भिमाजीनं विचारलं.

"उभ्याचा. तू बसल्याचा घेतोस, तसा."

पण बोटाचं काय करायचं? मॅडम रोज काडी फिरवणार नव्हती आणि ताटलीला दोन दिवस लागायचे. बाबाजानला रोजचं रोज कळायला हवं होतं. त्याला स्वतःच्या बोटावर भरवसा उरला नव्हता. त्यानं तोड काढली. कॉस्टिक धुऊन निघालं की औषधाच्या आधी तो भिमाजीला हात धुवायला लावून टाकीच्या तोंडाशी आणायचा.

"लाव."

भिमाजी आत हात घालून पत्र्यावर बोट फिरवायचा. "निघालंय."

"खाली लाव. नळाच्या तोंडाशी."

"हितं हाय जरा."

मग बाबाजान कॉस्टिक परत फिरवायचा. भिमाजी जेवायच्या सुट्टीत सगळ्यांना सांगत सुटला की भाईनं आपलं बोट भाड्यानं घेतलंय आणि भाडं अजून चहावरच चाललंय.

पुढच्या ताटलीत ठिपके कमी झाले, पण गेले नाहीत. मॅडमनं तिचा अंदाज सांगितला. थर सुटतोय, पण चऱ्यांत उरलेला परत वाढतोय. टाकी आतून पॉलिश करून घ्यावी लागेल. काकासाहेब डोकं खाजवत बसले. महिना संपत आलेला, पॉलिशवाला नगरच्या एमआयडीसीतून आणायचा, टाकी एक दिवस बंद ठेवायची, आणि ठेकेदाराचा माणूस परवा येणार.

"साहेब," बाबाजान म्हणाला, "चरं माझीच हायत. पुण्याचा मानूस आला तरी त्याला ह्याच चऱ्यांत धुवायचंय. त्याची ताटली बी अशीच येईल. टाकी दुरुस्त करून द्या, मंग ज्याला द्यायची त्याला द्या."

काकासाहेबांनी त्याच्याकडं बघितलं आणि फोन उचलला.

पॉलिशवाला आला तेव्हा बाबाजान टाकीच्या तोंडाशी बसून होता. आत चाक फिरत होतं आणि त्याच्या घासणीच्या खुणा एकेक करून जात होत्या. टाकी परत वापरात येईल तेव्हा ती आपल्याला विसरली असेल, असं त्याला वाटून गेलं. पॉलिशवाला बाहेर आला आणि म्हणाला, "कोनी तरी लई मेहनत घेतलीय हो हिच्यावर." बाबाजाननं त्याला चहा दिला.

महिनाअखेरीची काडी मॅडमनं काकासाहेबांच्या आणि ठेकेदाराच्या माणसाच्या समोर फिरवली. दोन दिवस बाबाजान नेहमीसारखा आला, मशीनशी झटापट केली, टाकी धुतली, टाकीभोवती फेऱ्या घातल्या. तिसऱ्या दिवशी तो प्रयोगशाळेच्या काचेबाहेर उभा राहिला. आत जायची त्याला सवय नव्हती. मॅडमनं त्याला बघितलं आणि ताटली काचेला लावून धरली. त्यानं डोळे बारीक केले. एका कडेला दोन ठिपके होते. बाकी ताटली रिकामी.

"दोन हायत," तो बाहेरून म्हणाला.

"दोन चालतात," आतून मॅडम म्हणाली.

"मला न्हाई चालत."

मॅडम हसली आणि ताटली काकासाहेबांकडं घेऊन गेली. ठेकेदाराचा माणूस दुपारच्या एसटीनं परत गेला. शिर्डीच्या हॉटेलांतून तक्रार यायची थांबली. टाकी बाबाजानकडं राहिली. त्या दिवसापासून तो हातमोजे घालायला लागला. बोटांचं जे व्हायचं ते झालं होतं, पण आता घाण बघायचं काम बोटाचं राहिलं नव्हतं, म्हणून.

पुढची वर्षं अशीच गेली, उतारानं जाण्यात आणि चढानं येण्यात. निवृत्तीच्या दिवशी काकासाहेबांनी नारळ, शाल आणि टोपी दिली. भिमाजीनं भाषण केलं की आता माझं बोट मोकळं झालं.

हातात आलेल्या पैशाचं काय करायचं यावर घरात बराच विचार झाला. शमशादचं मत, पुढच्या खोलीला फरशी. जावयाचं मत, बँकेत ठेवा. बाबाजाननं मत दिलं नाही. एका सकाळी तो पाथर्डीला गेला आणि दुपारी टेम्पोत बसून परत आला. टेम्पोत मागं खोका होता. खोक्यात कपडे धुवायचं मशीन.

"ह्ये कशाला?" शमशाद म्हणाली. "माझे हात हायत की."

 हे वाक्य बाबाजानच्या ओळखीचं होतं.

मशीन मोरीच्या कडेला बसवलं. लाइट यायची वाट बघावी लागली. लाइट आल्यावर बाबाजाननं त्यात स्वतःचे शर्ट टाकले, मापानं पावडर टाकली, गरम पाण्याचं बटण दाबलं आणि दोघांसाठी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या समोर मांडल्या. ड्रम फिरायला लागला. शमशाद दोनदा उठली. कॉलर हातानं चोळल्याशिवाय निघत नाही, असं तिचं म्हणणं.

"हात लावू नगं. त्याला येळ दे."

"आन् तवर मी काय करू?"

"उभी ऱ्हा न्हाईतर बस. दोन्हीत लई कष्ट हायत."

मशीन थांबलं. झाकण उघडून शमशादनं वरचा शर्ट काढला, कॉलर बोटांत धरली आणि आतून-बाहेरून सावकाश चोळून बघितली. बाबाजान तिच्या बोटांकडं बघत होता.

"निघालंय," ती म्हणाली, आणि खांदा न उचलता शर्ट त्याच्या हातात दिला, दोरीवर टाकायला.